भावाच्या हातावरची जखम लीशमॅनियाची निघाली, घरचे म्हणायलेत शेळ्या आणि कुत्रं काढून टाका. जनावरांपासून होतं का हे?

बोरामणीचा_पाव्हणा

नमस्कार मंडळी. जरा लांबडं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला अंदाज येणार नाही.

माझा धाकटा भाऊ सोलरच्या कामाला असतो बिकानेरकडं, पॅनलचं स्ट्रक्चर उभं करायचं काम. तिकडंच असताना उजव्या हाताला मनगटाच्या वर एक पुटकुळी आली, डासबिस चावला असंल म्हणून त्यानं सोडून दिलं. ती मोठी होत गेली, मधी खड्डा, कडा जाड, वर खपली, खपली निघाली की ओलं आणि दोन दिवसांनी परत खपली. दुखत नाही, खाजत नाही, ताप नाही, म्हणून गडी कामावर जातच राहिला. नंतर गालावर पण एक बारका आला. दिवाळीला गावाकडं आला तेव्हा आईनं बघितलं आणि धरून दवाखान्यात नेला. एका ठिकाणी पू झालाय म्हणून अँटिबायोटिक दिलं, काही फरक नाही. दुसऱ्या ठिकाणी गजकर्ण म्हणून मलम. मग सोलापुरात एका स्किनवाल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, कामाला कुठं असतोस? बिकानेर म्हटल्यावर त्यांनी लगेच जखमेच्या कडेची खरवड काढून तपासायला दिली आणि रिपोर्टात लीशमॅनिया आलं. कातडीचा प्रकार आहे, काळा आजार, म्हणजे लीशमॅनियाचाच पोटातल्या अवयवांत होणारा जीवघेणा प्रकार, तो नाही, जिवाला धोका नाही असं त्यांनी नीट समजावलं. औषध चालू होतंय, त्याचं टेन्शन तेवढं नाही.

टेन्शन वेगळंच आहे. आमच्या चुलत्यांनी मोबाईलवर कुठंतरी वाचलं की कुत्री, घोडे, गाढवं अशा पाळीव जनावरांच्या अंगात हा जंतू साठून राहतो आणि तिथनं माणसाला येतो. झालं, दोन दिवसांत गावभर. आमच्या घरी आईच्या सात-आठ उस्मानाबादी शेळ्या आहेत, बचत गटाचं कर्ज काढून घेतलेल्या, बकरी ईदच्या आधी बोकड विकले की वर्षाची बरीच ओढाताण मिटते. आणि वाघ्या म्हणून कुत्रा आहे, भावानंच पिल्लू असताना आणलेला. आता चुलते म्हणतात शेळ्या बाजारात घाला आणि कुत्र्याला लांब कुठंतरी सोडून या. शेजारी शेळीचं दूध न्यायचे बंद झाले. आई रात्री झोपत नाही.

तर जाणकारांनी सांगावं, शेळ्यांना किंवा वाघ्याला हे असू शकतं का, त्यांची टेस्ट इथं कुठं होते का, दूध प्यायचं का नाही, आणि माझा पोरगा चार वर्षाचा आहे तो काकाच्या कुशीतच झोपतो, त्याला लांब ठेवायचं का.

मोहोळची_शेळीवाली

दादा आधी आईला सांगा घाबरू नका. मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही पण साधी गोष्ट विचारते, भावाला फोड आला बिकानेरला आणि शेळ्या हायत बोरामणीत. त्या कधी तिकडं गेल्या व्हत्या का? मग त्यांचा काय संबंध आला? वाघ्याचं पण तेच.

बाकी शेळ्यांपासून अंगाला काही होतच नाही असं नाही हां. आमच्या शेळ्यांना मागच्या थंडीत खरूज झाली व्हती, नाक, कान, डोळ्याच्या कडा सगळं पांढरट खवल्यावानी, केस गेले, दिवसभर खुंट्याला अंग घासायच्या. दूध काढून काढून माझ्या हाताला आणि पोटावर लाल पुरळ उठली, रात्री लई खाज. जनावरांच्या डॉक्टरनी शेळ्यांना इंजेक्शन दिलं, गोठा साफ करून औषध मारायला लावलं, शेळ्या बऱ्या झाल्या तसं माझं पण गेलं. पण ते वेगळं ना? त्याला खाज असती, तुमच्या भावाला खाज नाही म्हणताय.

डॉ_त्वचा_सोलापूर

शेळीवाल्या ताईंनी नेमक्या गोष्टीला हात घातलाय. मी त्वचारोगाचं काम करतो, घर सोलापूरच. पेशंट न बघता औषधाबद्दल बोलणार नाही, ते तुमचे डॉक्टर बघतायत आणि त्यांनी कामाचं गाव विचारलं तिथंच अर्धं निदान झालं होतं.

हा आजार लीशमॅनिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळं होतो आणि तो पसरवते वाळूमाशी, सँडफ्लाय. चांदीपुरा व्हायरसच्या बातम्यांत हिचं नाव ऐकलं असेल, नागपूरजवळच्या त्या गावावरून १९६५ मध्ये नाव पडलेला तो व्हायरस, त्यातही संशय हिच्यावरच. दोन-तीन मिलिमीटरची, डासापेक्षा बरीच लहान, अंगावर लव असलेली, आवाज न करणारी, नीट उडत पण नाही, टुणटुण उड्या मारल्यासारखी जाते. संध्याकाळी आणि रात्री चावते. चावल्यावर काही आठवड्यांनी किंवा काही महिन्यांनी तिथं पुटकुळी येते आणि मग तुम्ही जे लिहिलंय तसंच होतं, मधी खड्डा, कडा उंच, वर खपली, दुखणं नाही. हात, पाय, चेहरा, जे अंग रात्री उघडं राहतं तिथंच येतो. जगात दरवर्षी साधारण ६ ते १० लाख लोकांना हा कातडीचा प्रकार होतो, अफगाणिस्तान, सिरिया, इराण, ब्राझील, अल्जेरिया असे देश त्यात पुढं. आपल्याकडं बिकानेर आणि आसपासचं वाळवंट हे जुनं ठिकाण, शिवाय हिमाचलमध्ये सतलजचं खोरं, केरळात डोंगरातल्या आदिवासी वस्त्या. महाराष्ट्र ह्याचा नेहमीचा प्रदेश नाही म्हणून इथल्या डॉक्टरला तो पटकन सुचत नाही, पण आता आपल्याकडची पोरं सोलर, पाईपलाईन, हायवेच्या कामाला राजस्थानात जातात, आखातात जातात, त्यामुळं न भरणारी जखम दिसली की तू कुठनं आलास हे विचारायलाच हवं, हे मी ज्युनिअर लोकांना सारखं सांगत असतो.

कुठं ओळखीचं वाटावं म्हणून सांगतो, पूर्वी ह्यालाच दिल्लीचा फोड म्हणायचे. १८८५ मध्ये कलकत्त्याला कनिंगहॅमनं अशा फोडाच्या पेशींत बारीक गोळे बघून लिहून ठेवले, आणि १९०३ मध्ये लीशमन आणि मद्रासचा डोनोव्हन ह्यांनी काळा आजाराच्या पेशंटमध्ये तसलेच गोळे दाखवले, म्हणून आजही रिपोर्टवर एलडी बॉडीज लिहून येतं. भावाच्या रिपोर्टवर पण बघा, असेल.

आता जनावरांचं. लीशमॅनियाच्या पुष्कळ जाती आहेत आणि जनावराचा संबंध जातीप्रमाणं बदलतो, इथंच मोबाईलवर वाचणाऱ्याची गडबड होते. बिकानेर शहरात तपासलेल्या पेशंटमध्ये मुख्यतः ट्रॉपिका ही जात सापडली आहे. ती बहुतेक ठिकाणी माणसाकडून माशी आणि माशीकडून माणूस अशीच फिरते, काबूल हे त्याचं मोठं उदाहरण. तिथं कुणी कुत्री-बकऱ्या काढत बसत नाही, पेशंट शोधून उपचार करतात आणि मच्छरदाण्या देतात. दुसरी जात मेजर, ती मात्र उंदरांची. तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तानच्या वाळवंटात बिळं करून वसाहतीनं राहणारे मोठे वाळवंटी उंदीर असतात, त्यांच्या बिळातच वाळूमाशी वाढते, तिथंच रोग फिरत राहतो आणि माणूस शेजारी राहायला गेला की त्याला होतो. राजस्थानच्या वाळवंटी उंदरांत पण ही मेजर सापडलेली आहे. तिसरी इन्फँटम, भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला आणि ब्राझीलमध्ये, तिचा साठा खरोखर कुत्र्यात असतो. चुलत्यांनी जे वाचलं ते बहुधा दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझिलिएन्सिस जातीबद्दल असणार, घोडे, गाढवं, खेचरं आणि कुत्री तिच्याच संदर्भात येतात.

पोराबद्दल. जवळ झोपल्यानं, हात लागल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा होत नाही. जखम स्वच्छ ठेवा, रात्री कापडाची पट्टी बांधून झाका, पोराला काकापासून तोडू नका.

आणि एक विनंती, गावाकडं अशा जखमेवर बिब्बा लावतात, चुना लावतात, तापवून डाग देतात. ते काहीही करू नका, चेहऱ्यावर तर अजिबात नाही. आजारापेक्षा त्याचाच डाग मोठा राहतो.

बोरामणीचा_पाव्हणा

डॉक्टरसाहेब लई उपकार झाले. रिपोर्ट बघितला, एलडी बॉडीज सीन असंच लिहिलंय. बिब्ब्याचं तुम्ही बरं सांगितलं, आत्याबाई तेच घेऊन आल्या होत्या.

पण चुलत्यांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणतात, बरं तिकडनं आणला, पण आता ह्याच्याकडनं शेळ्यांत गेला आणि तिथं साठून राहिला तर? त्याचं उत्तर मला देता येईना.

गुरांचा_डॉक्टर_मंगळवेढा

मी सांगतो. पशुवैद्यक आहे, शेळ्या-मेंढ्यातच दिवस जातो.

चुलत्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही, ह्याच प्रश्नावर शास्त्रज्ञ लोक आजही घोळ घालतायत. आधी समजून घ्या की जनावरात जंतू सापडणं आणि जनावर त्या जंतूचं घर असणं ह्यात लई फरक आहे. एसटी चुकली म्हणून मोहोळच्या स्टँडवर रात्र काढलेला माणूस मोहोळचा रहिवासी होत नाही. माशी कुणालाही चावते, गाईला, शेळीला, कुत्र्याला, कोंबडीला. तिच्या तोंडातनं परजीवी जनावराच्या कातडीत गेला म्हणजे तो तिथं जगलाच असं नाही, जगला तरी वाढलाच असं नाही, आणि वाढला तरी दुसऱ्या माशीला रक्त पिताना तो मिळेल एवढा कातडीत राहिलाच असं नाही. ही सगळी साखळी पूर्ण झाली तरच त्या जनावराला साठा म्हणायचं. शिवाय ते जनावर त्या भागात भरपूर पाहिजे, माशीला आवडणारं पाहिजे, वर्षानुवर्षं त्यात तोच परजीवी सापडत राहिला पाहिजे आणि माणसात सापडतो तो आणि हा एकच जातीचा निघाला पाहिजे.

हे सिद्ध करायची खरी पद्धत म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्वच्छ वाळूमाश्या त्या जनावराला चावू द्यायच्या आणि काही दिवसांनी माशीचं पोट फाडून परजीवी वाढलाय का बघायचं. बिहारला मुझफ्फरपूरच्या टीमनं काळा आजारासाठी हेच माणसांवर केलं, २०२१ मध्ये छापून आलं, त्यात आजारी माणसं आणि काळा आजारानंतर कातडीवर डाग उठलेली माणसं माश्यांना परजीवी देत होती पण अंगात संसर्ग असून लक्षणं नसलेली माणसं देत नव्हती. म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह असलेला माणूससुद्धा पसरवत असेलच असं नाही, मग शेळीचं काय घेऊन बसलात. त्याच्या उलट, नेपाळमध्ये २०१० च्या एका अभ्यासात काळा आजाराच्या गावांतल्या शेळ्या, गाई, म्हशींच्या रक्तात लीशमॅनियाचा डीएनए सापडला होता, शेळ्यांत जरा जास्तच. ते वाचून पुष्कळ लोकांनी निष्कर्ष काढला की शेळी साठेदार. पण डीएनए सापडला म्हणजे माशी चावून गेली एवढं नक्की, त्या शेळीकडनं पुढं माशीला लागण होते हे त्यातनं सिद्ध होत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या घोड्या-गाढवांचं आणि कुत्र्यांचं असंच आहे, त्यांच्या अंगावर जखमा दिसतात, परजीवी सापडतो, आणि तरी ते खरे साठेदार का माणसासारखेच बळी हा वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर बहुतेक ठिकाणी ते बळीच आहेत, माणसाच्या घराजवळ बांधलेले म्हणून माशीच्या तावडीत सापडलेले.

बोरामणीतली गोष्ट तर त्याहून सोपी. भावाला तिकडं जो परजीवी लागला त्याला इथं पुढं जायचं तर त्याला मानवणारीच वाळूमाशी हवी, नुसती कुठलीही नको, तिनं नेमकी भावाची उघडी जखम चावायला हवी, मग काही दिवस जगून शेळीला चावायला हवं आणि मग वरची सगळी साखळी. म्हणून जखम झाका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, उपाय माणसाच्या हातावरच आहे, गोठ्यात नाही.

टेस्टचं विचाराल तर, शेळ्यांसाठी अशी टेस्ट तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही आणि तुम्हाला करायचीही गरज नाही. वाघ्याला डोळ्याभोवती केस गळणं, कानाच्या कडांना न भरणाऱ्या जखमा, नखं वेडीवाकडी वाढणं, अंग सुकत जाणं असं काही असेल तर दाखवून घ्या, नव्वद टक्के वेळा ते खरूज किंवा गोचिडाचं निघतं आणि त्याला औषध आहे.

दूध प्या, पण उकळून. लीशमॅनियामुळं नव्हे, शेळीच्या कच्च्या दुधातनं ब्रुसेला नावाचा जंतू येतो, तो खरोखर येतो आणि माणसाला महिनोन्महिने ताप काढायला लावतो, म्हणून उकळायचं हे घरोघरी पाळलंच पाहिजे.

मोहोळच्या ताई, तुमच्या शेळ्यांना झाली ती किड्याची खरूज. तो किडा डोळ्याला दिसत नाही, आणि शेळीचा वेगळा, कुत्र्याचा वेगळा, माणसाचा वेगळा असतो. शेळीचा किडा माणसाच्या अंगावर आला तर चार-आठ दिवस उपद्रव देतो पण त्याला तिथं पिढी वाढवता येत नाही, म्हणून शेळी बरी झाली की तुमची खाज गेली. घरात सगळ्यांनाच बोटांच्या बेचक्यात, कमरेला खाज असेल, आणि ती महिनाभर हटत नसेल तर ती माणसाची खरूज, ती माणसाकडूनच आलेली असते आणि सगळ्या घरानं एकाच दिवशी औषध लावल्याशिवाय जात नाही. लोक त्याचा ठपका शेळीवर ठेवतात आणि घरातल्या घरात एकमेकांना देत बसतात.

अकलूजकर_नाना

डॉक्टर तुम्ही सगळं बरोबर सांगताय, पण मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. साखळी पूर्ण व्हायची शक्यता कमी आहे म्हणता, शून्य आहे असं तर म्हणत नाही ना? मग चार वर्षाचं पोर घरात असताना शेळ्या ठेवायचा हट्ट कशाला? शेळ्या परत घेता येतात. आणि कुत्र्याबद्दल तर तुम्हीच म्हणालात की काही देशांत साठा कुत्र्यातच असतो. लम्पीच्या वेळी पण आधी सगळे म्हणायचे काही होत नाही, आणि केवढी गुरं दगावली.

गुरांचा_डॉक्टर_मंगळवेढा

नाना राग कशाला, असं विचारलंच पाहिजे.

लम्पीत गुरं दगावली हे खरं, माझ्या डोळ्यासमोर खिलार बैल गेलेत, पण माणसाला ती होत नाही हे पहिल्या दिवसापासून सांगितलं जात होतं आणि तसंच झालं. तरी २०२२ मध्ये लोकांनी दूध ओतून दिलं. आपण जनावराच्या रोगाला घाबरलो की आधी जनावर काढतो, आणि नुकसान होतं ते आईसारख्या बाईचं, जिच्याकडं तेवढंच आहे.

दुसरं, जनावर काढलं की धोका कमी होतोच असं नाही. भारतात काळा आजार पसरवणारी जी वाळूमाशी आहे तिला गाईचं रक्त फार आवडतं. गोठा जवळ असला की माश्या वाढतात हा एक परिणाम, आणि त्या माणसाऐवजी गाईला चावतात हा दुसरा, ह्यातलं कुठलं पारडं जड हे गावागावात बदलतं. उद्या तुम्ही शेळ्या काढल्या आणि गोठ्याची ओल, लेंड्या, भिंतीच्या भेगा तशाच ठेवल्या तर माशी उपाशी राहायची नाही, ती घरात येईल.

कुत्र्याचं पण सांगतो. ब्राझीलमध्ये इन्फँटमसाठी, जिथं कुत्रा खरोखर साठेदार आहे तिथं, सरकारनं वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह कुत्री मारली. रोग हटला नाही. लोक लगेच नवीन पिल्लू आणायचे, त्या पिल्लाला परत लागण व्हायची. इराणमध्ये त्यापेक्षा शहाणपणाचं काम झालं, कुत्र्यांच्या गळ्यात डेल्टामेथ्रिन ह्या कीटकनाशकाचे पट्टे बांधले, माशी कुत्र्याला चावेनाशी झाली आणि त्या गावांतल्या पोरांमधला संसर्ग कमी झाला, २००२ मध्ये त्याचा निकाल आला. म्हणजे जिथं कुत्रा गुन्हेगार ठरलाय तिथंसुद्धा त्याला मारण्यापेक्षा त्याला माशीपासून वाचवणं जास्त कामाला आलं. वाघ्या तर बिकानेरला गेलेलाच नाही. आणि लांब सोडून याल तर ते दुसऱ्या गावात पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडी पडेल, रेबीजची लस पण चुकेल, तो धोका लीशमॅनियाच्या हजारपट खरा.

अकलूजकर_नाना

रेबीजचं पटलं. ठेवा बाबा कुत्रं. पण मग गोठ्यात नेमकं काय करायचं ते तरी सांगा, नुसतं घाबरू नका म्हणून गावातली माणसं ऐकत नसतात, त्यांना काहीतरी करायला द्यावं लागतं.

आखात_रिटर्न_सोलापूर

अस्सलाम आलेकुम. मी विडी घरकुलचा, बरीच वर्षं सौदीला काढली, अल अहसाकडं. तिकडं हा आजार सगळ्यांना माहीत, आमच्या कॅम्पात एका उत्तर प्रदेशच्या पोराच्या पायाला झालेला, दवाखान्यात बघितल्या बघितल्या सांगितलं. तिकडं जनावरांना कुणी दोष देत नाही, तिकडं उंदरांची गोष्ट आहे, जाडा उंदीर असतो वाळूतला, खारट पाल्याची झुडपं खाऊन राहतो. कॅम्पच्या आजूबाजूची ती झुडपं आणि बिळं ट्रॅक्टर लावून नांगरून टाकायचे. खजुराच्या बागेत उघड्यावर झोपू नका म्हणून सुपरवायझर ओरडायचा, पण गरमीत कोण ऐकतंय, पोरं बाहेरच झोपायची.

मला हेच सांगायचंय बोरामणीवाले भाऊ, तुमचा भाऊ ज्या कॅम्पात राहायचा तिथली बाकीची पोरं कुठायत? आपल्याच भागातली असतील ना अजून, कुंभारी, मुस्ती, तांदुळवाडीकडची? त्यांना पण असेल आणि माहीत नसेल. शेळ्यांचा विचार सोडा, त्या पोरांना फोन करा.

बोरामणीचा_पाव्हणा

भाई एकदम बरोबर बोललात. भावाला विचारलं, तो म्हणतो ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, उकडायचं म्हणून सगळे बाहेर वाळूवर चादर टाकून झोपायचे, आजूबाजूला उंदरांची बिळं भरपूर. आणि खरंच, त्याच्या टोळीतल्या एकाच्या पायाला तसलंच काहीतरी आहे, तो मुस्तीचा आहे, त्याला गळू झालंय म्हणून कापलं पण होतं एका ठिकाणी, भरलं नाही. फोन लावला, उद्या येतो म्हणाला.

चुलत्यांना गुरांच्या डॉक्टरांचं सगळं वाचून दाखवलं, ब्राझीलच्या कुत्र्यांवर जरा शांत झाले. शेळ्या राहणार. आता नानांनी विचारलं तेच मीपण विचारतो, गोठ्यात काय करू? आमचं घर जुनं आहे, माळवदाचं, पांढऱ्या मातीच्या भिंती, गोठा भिंतीला लागूनच.

गुरांचा_डॉक्टर_मंगळवेढा

माळवदाच्या भिंतीला भेगा असतातच, वाळूमाशी दिवसा तिथंच गारव्याला बसते. माणसाच्या उंचीपर्यंत तरी भेगा लिंपून घ्या, सारवलं तरी चालतं पण भेग बुजली पाहिजे. तिची अंडी पाण्यात नसतात, डासासारखी डबकी शोधून उपयोग नाही, तिची पिल्लं ओलसर मातीत, शेण, लेंड्या, कुजका पाला ह्यात वाढतात. म्हणून लेंड्या रोज झाडून उकिरडा घरापासून लांब न्या, मुताची ओल राहणार नाही असा उतार काढून मुरूम टाका. शेळ्यांना गोचिडासाठी बुटॉक्स तुम्ही मारतच असाल, तेच डेल्टामेथ्रिन आहे, पण मापानं, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात घालून, गाभण शेळी असेल तर आधी तुमच्या डॉक्टरला विचारून, आणि हातमोजे घालून. दूध-मटणाचा काळ किती सोडायचा तेही त्यांनाच विचारा. जमलं तर शेळ्या रात्री झोपायच्या भिंतीपासून थोड्या लांब बांधा. हे केलंत तर गोचीड, खरूज, माश्या सगळ्यालाच फायदा, फक्त ह्या एका आजारासाठी म्हणून नाही.

डॉ_त्वचा_सोलापूर

मुस्तीच्या त्या मित्राचं ऐकून बरं वाटलं नाही, पण फोन केलात हे फार चांगलं केलंत. त्याला सरळ सिव्हिलच्या स्किन ओपीडीला घेऊन जा, सोबत भावाचा रिपोर्ट न्या आणि केसपेपर काढतानाच बिकानेरला कामाला होतो हे सांगा. पायाची जखम आधी कापलेली आहे म्हणजे वर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन पण असू शकतं, ते आधी आवरून मग खरवड घ्यावी लागेल, कधीकधी पहिल्या खरवडीत सापडत नाही तेव्हा बायॉप्सी किंवा पीसीआर करतात, एकदा निगेटिव्ह आलं म्हणून सोडून द्यायचं नाही.

उपचाराचं थोडं सांगतो म्हणजे तो घाबरणार नाही. लहान जखम असेल तर सोडियम स्टिबोग्लुकोनेट जखमेच्या कडेनं टोचतात, दुखतं पण काम होतं. काही ठिकाणी जखमेला मोजून उष्णता देतात, काही ठिकाणी द्रव नायट्रोजननं गोठवतात. जखमा जास्त असतील, तोंडावर, सांध्यावर असतील, तर वेगळा विचार करतात. ट्रॉपिकाची जखम उपचाराशिवायही भरते पण वर्ष वर्ष लागतं आणि व्रण मोठा राहतो, भावाच्या गालाचं म्हणूनच लवकर करून घ्या.

परत कामाला जाणार असतील तर जमिनीवर उघड्यावर झोपू नका, खाट घ्या, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातापायाला डास पळवायचं मलम, आणि मच्छरदाणी औषध लावलेलीच घ्या, साध्या जाळीच्या भोकातनं वाळूमाशी आत शिरते. पंखा असेल तर अंगावर जोरात लावा, तिला वाऱ्यात उडता येत नाही. ठेकेदाराला सांगा खोल्यांच्या आजूबाजूची बिळं बुजवून घ्यायला आणि खोल्यांत फवारणी करायला, दहा पोरं आजारी पडून घरी बसण्यापेक्षा त्याला ते स्वस्त पडेल.

मोहोळची_शेळीवाली

आणि दादा, शेजाऱ्यांना बोलवून त्यांच्यासमोर उकळलेलं दूध आईनं स्वतः प्यावं, मग येतात की नाही बघा परत न्यायला. बकरी ईदला बोकडं द्यायची असतील तर आत्तापास्नं मका-पेंड चालू करा, जंताचं औषध पण देऊन घ्या. आमच्याकडचे यापारी येतात बोरामणीकडं, नंबर हवा असंल तर मेसेज करा.

बोरामणीचा_पाव्हणा

करतो ताई मेसेज. मुस्तीचा गडी सकाळी येतोय, त्याला आणि भावाला दोघांनाही घेऊन ओपीडीला जातो. अजून दोघं करमाळ्याकडचे होते म्हणे त्याच कॅम्पात, त्यांचे नंबर लागेनात, कुणाच्या ओळखीत बिकानेरच्या सोलर साइटवरनं आलेली करमाळ्याची पोरं असतील तर त्यांना हे दाखवा, हातापायाला न दुखणारी, न भरणारी जखम असेल तर बिकानेरचं नाव सांगून स्किनच्या डॉक्टरकडं जायला सांगा.